शंभर किलोच्या वरचे लोक आणि व्हाइटवॉटर कयाक

माझं वजन १०८ किलो. कोलाडला कुंडलिका नदीवर व्हाइटवॉटर कयाक (खळाळत्या पाण्यातली छोटी वल्ह्याची बोट) शिकायला गेलो तेव्हा जी बोट हाताला लागली तीत बसलो, तर मागचा डेक (बोटीची वरची बाजू) थेट पाण्याखाली आणि नाक आभाळाकडे, काठावरचे मित्र हसून बेजार. दोन सीझन मला वाटायचं आपल्यालाच जमत नाहीये, रोल (उलटलेली बोट आत बसूनच सरळ करणं) लागत नाही, एडीत (दगडामागच्या उलट फिरणाऱ्या पाण्यात) शिरताना दरवेळी कलंडतोय, मग मोठी बोट मिळाली आणि निम्मा दोष प्लास्टिकचा निघाला.

तर आधी वजन खरं धरा, आणि ते बाथरूममधलं नाही. हेल्मेट, लाइफ जॅकेट, बूट, थ्रो बॅग (बचावाच्या दोरीची पिशवी), ओले कपडे मिळून सहा-सात किलो सहज चढतात, म्हणजे मी झालो ११५. कंपनीच्या तक्त्यात वजनाची रेंज असते, तिच्या पार वरच्या टोकाला आपण बसत असू तर ती बोट सोडून द्या, नवशिक्याने तर नक्कीच. नावातल्या आकड्याने गोंधळू नका, लिक्विडलॉजिकच्या रीमिक्स ७९ मधले ७९ म्हणजे गॅलन, जवळपास ३०० लिटर, आणि डॅगरच्या मांबा ८.६ मधला आकडा फुटातली लांबी. शेपूट फार चपटं असलेली बोटही नको, जड माणसाचं शेपूट प्रवाह पटकन धरतो.

खरी परीक्षा संथ पाण्यात. सगळा सरंजाम चढवून बसा आणि कोणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. दोन्ही टोकं सारखी वर दिसली पाहिजेत, मागे बसत असेल तर सीटचे बोल्ट सैल करून ती थोडी पुढे घ्या, इतक्यानेही खूप फरक पडतो. हिप पॅड (कमरेच्या बाजूच्या गाद्या) टोचत असतील तर सरळ काढा. मी हौसेने एक घट्ट बोट घेतली होती, वीस मिनिटांत पायाला मुंग्या, काठावर उतरलो तर उभंच राहता येईना, शेवटी पडत्या भावात विकली. कमरेएवढ्या पाण्यात शेजारी माणूस उभा करून उलटे व्हा, स्प्रे डेकचा (कमरेला घालून बोटीचं तोंड झाकायचं कापड) लूप ओढा आणि बाहेर या. मांड्या अडकल्या तर बोट फुकट मिळाली तरी घेऊ नका.

जॅकेटचं उलट आहे, चरबी तरंगते, त्यामुळे जाड माणसाला जास्त फ्लोटेशन लागतंच असं नाही, पण पोटावरून ते वर सरकतं. पट्टे आवळून कोणाला तरी जॅकेट खांद्याजवळ धरून वर खेचायला लावा, हनुवटीला लागलं तर दुसरं बघा. स्प्रे डेकची दोन मापं असतात, कॉकपिटचं (बोटीत बसायच्या तोंडाचं) वेगळं आणि कमरेचं वेगळं, हे दुकानदार विचारतोच असं नाही.

घरी आणल्यावर सावलीत, आडवी कडेवर ठेवा. भर उन्हात गाडीच्या टपावर पट्टे करकचून आवळले की तळाला पोचा पडतो, मग काळी ताडपत्री टाकून परत उन्हातच तापवत बसा, बऱ्याचदा येतो जागेवर. बोटीत मागे एअर बॅग (पाण्याची जागा अडवणाऱ्या हवेच्या पिशव्या) हव्यातच, पाण्याने भरलेली बोट म्हणजे दोन-तीनशे किलोचं धूड, चौघांना ओढवत नाही. रिकामी असली तरी दगडांवरून फरफटत नेऊ नका, शेपटीचं प्लास्टिक झिजून कागद होतं.

सेकंडहँड घेताना सीटखाली बोटं फिरवून बघा, आपल्यासारखा कोणी आधी बसत असेल तर तडा तिथेच सापडायची शक्यता जास्त. साधं पॉलिथिलीन वेल्ड होतं, क्रॉसलिंक (रेणू एकमेकांना जोडलेलं पॉलिथिलीन) होत नाही, म्हणून भाव करायच्या आधी प्लास्टिक कुठलं ते विचारा.