नाशिकजवळचा लाव्हा एका दिवसात कसा दाखवायचा

ज्वालामुखीची सहल म्हटली की माणसं तोंड शोधतात. टोकदार डोंगर दिसला की "हाच का तो?" सुरू होतं आणि दिवसभर थांबत नाही. म्हणून गाडी सुटण्याआधीच दोन मिनिटांत सांगून टाका: इथे शंकूही नाही आणि खळगाही नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा वर आला, सपाट पसरला आणि थिजला. मग त्यावर दुसरा आला, तिसरा आला. आज दिसणारे डोंगर म्हणजे त्या थरांचे पावसाने आणि नद्यांनी कापून मागे ठेवलेले तुकडे. सुळका किंवा शिखर म्हणजे ज्वालामुखी नव्हे, झिजता झिजता उरलेला भाग. कुणीतरी लोणार काढणारच. ते विवर उल्कापाताचं आहे, ज्वालामुखीचं नाही, एवढं सांगून पुढे चला.

एवढं डोक्यात बसलं की दिवसभराचं काम एकच उरतं, थर ओळखणं. त्यासाठी दहा ठिकाणं फिरायची गरज नाही. तीन पुरतात: अंजनेरी, पांडवलेणी आणि सोमेश्वरचा धबधबा. त्र्यंबक, रामशेज, चामरलेणी, सप्तशृंगी सगळं एका दिवसात कोंबणाऱ्यांची सहल गाडीतच होते.

माणसं, सामान, महिना

एका वाटाड्यामागे बारा ते पंधरा माणसं, त्याहून जास्त नकोत. कड्यापाशी उभं राहून बोटाने दाखवायचं असतं, मागच्या रांगेला ते दिसत नाही. शेवटच्या माणसामागे चालायला एक जबाबदार माणूस ठेवा. सतरा आसनी गाडी सोयीची, पण अंजनेरी गावातून वर पायऱ्यांपर्यंत जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर ती चढवायचा हट्ट धरू नका. गाडी गावात लावून चालत निघालात तर पाऊण तास वाढवून धरा.

प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी आणि तळाला खाचा असलेले बूट. गटासाठी दहापट मोठं दाखवणारी दोन-तीन हातभिंगं, एक लोखंडी खिळा, ड्रॉपरच्या बाटलीत व्हिनेगर, एक बॅटरी, कोरे कागद आणि पेन्सिली. हातोडा घरीच ठेवा. पांडवलेणी हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे आणि अंजनेरी वनखात्याच्या ताब्यात, दोन्हीकडे दगड फोडणं किंवा उचलून आणणं चालत नाही. घासून किंवा थेंब टाकून बघायचं ते रस्त्याकडेच्या सुट्या खडीवर.

नोव्हेंबरची अखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात अंजनेरी देखणी दिसते, पण खडक शेवाळ आणि गवताखाली जातो, म्हणजे जे दाखवायला नेलं तेच झाकलेलं. शिवाय ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पठारावर दुर्मीळ फुलं असतात, तिथे पंधरा माणसांचे पाय न पडलेलेच बरे. एप्रिल-मेमध्ये काळा खडक इतका तापतो की दहानंतर कुणाचंही लक्ष दगडावर राहत नाही. श्रावणातले सोमवार टाळाच, त्र्यंबक रस्त्यावर गाडी हलत नाही.

पहिला थांबा रस्त्यावरच

शहरातून साडेसहाला निघा. अंजनेरी फाटा वीसेक किलोमीटरवर आहे. फाट्याच्या थोडं अलीकडे, डोंगर आडवा दिसेल अशा मोकळ्या जागी गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या आणि सगळ्यांच्या हातात कागद द्या. पाच मिनिटांत डोंगराची नुसती बाह्यरेषा काढायची. जिथे उभा कडा आहे तिथे जाड रेघ, जिथे गवताळ उतार आहे तिथे बारीक.

चित्र कसंही येऊ दे. कडा, उतार, कडा, उतार असा क्रम आपोआप उतरतो आणि तोच खरा धडा. लाव्ह्याचा एक प्रवाह थिजताना आतला भाग सावकाश निवतो, म्हणून तो घट्ट राहतो आणि त्याचा कडा बनतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकतात. तो भाग सच्छिद्र आणि ठिसूळ, लवकर कुजतो, त्याची माती होते आणि तिथे उतार तयार होतो. "एकूण थर किती?" याला एकच उत्तर नसतं. कुणी पाच मोजेल, कुणी नऊ, आणि दोघंही चुकीचे नसतात, कारण एकेक मोठा थर पुष्कळदा लहान लहान लाव्हाजिभा एकमेकींवर चढून झालेला असतो. आकड्यावरून वाद घालण्यात वेळ घालवू नका.

अंजनेरी: चढताना काय बघायचं

चौकीवर नोंद करून साडेसातच्या आत चढायला लागा. पठारापर्यंत गटाने जायला दीड ते दोन तास. पायऱ्यांची वाट एका अरुंद नळीतून वर जाते, दोन्ही बाजूंना कडे आणि वाटेत कोरीव जैन लेणं. ही नळी म्हणजे निम्मी सहल. इथे घाई केली तर वर पोचून फक्त वारा मिळतो.

नळीत डाव्या-उजव्या भिंतीला दोन फुटांवर उभं करा. आधी भिंग नको, नुसता डोळा. पांढरे ठिपके असलेला भाग आणि ठिपके नसलेला, एकजीव काळा भाग यांच्यातली सीमा शोधायला सांगा. सापडली की भिंग द्या. ठिपका म्हणजे लाव्ह्यातला बुडबुडा, पुढे खडकात फिरणाऱ्या गरम पाण्याने त्यात खनिज भरलं. नीट पाहिलं तर बऱ्याच ठिपक्यांना कडेने हिरवट, नखाएवढीही जाडी नसलेली पातळ साल दिसते आणि आत पांढरं. ही हिरवी साल आधी बसली, पांढरं नंतर. एका वाटाण्याएवढ्या खड्ड्यात दोन वेगळ्या काळांची नोंद आहे, आणि मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर दिसतं.

बुडबुड्यांची जागा आणि आकार महत्त्वाचा. दाट, गोल, वर जाताना संख्येने वाढत जाणारे असतील तर तुम्ही प्रवाहाच्या माथ्याजवळ आहात. बुडबुड्यांच्या पेन्सिलएवढ्या जाडीच्या उभ्या नळ्या दिसल्या तर तो प्रवाहाचा तळ. या नळ्यांची वरची टोकं एकाच बाजूला वाकलेली असतील तर लाव्हा त्या दिशेने सरकत होता. मात्र एकाच वाकलेल्या नळीवरून निकाल देऊ नका, पाच-सहा तरी एकसारख्या हव्यात.

वाटेच्या कडेला कुठे तांबूस, बोटाने भुगा होणारा पट्टा दिसला तर सगळ्यांना थांबवा. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात वरचा खडक कुजून माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजली, असा तो थर. काही इंचांपासून माणसाच्या कमरेइतका जाड असू शकतो. गटात कुणी शेतकरी किंवा विहीर खणलेला माणूस असेल तर आता त्याला पुढे करा. काळा पाषाण, मांजऱ्या, गेरू, मुरूम ही नावं त्याच्या तोंडात असतात आणि कुठे पाणी लागलं, कुठे सुरुंग वाया गेला, हेही त्याला ठाऊक असतं. पाषाणाला भेगा असतील तरच पाणी जातं, सच्छिद्र मांजऱ्यात साठतं आणि गेरूवर अडून आडवं बाहेर येतं. डोंगराच्या निम्म्यात अचानक झरा का लागतो, तो याचमुळे. समोरच्या ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते, तिथेही डोंगरातून पाणी झिरपतंच.

पठारावर पोचल्यावर जेवणाचा डबा उघडू नका. माकडं पिशवीचा आवाज ओळखतात. खाऊ पाठपिशवीत आणि तिची चेन लावलेली. तळ्याच्या आसपास गोलसर धोंडे दिसतील, कडेने पापुद्रे सुटलेले. "हे हिमनदीने आणले का?" हा प्रश्न इथेच येतो, कारण परदेशी सहलींची चित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात. नाही. खडकाच्या चौकोनी ठोकळ्यांचे कोपरे पाणी शिरून आधी कुजतात, मग कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत जातात आणि आतला गोल गाभा तिथल्या तिथे उरतो. बर्फाने आणलेला धोंडा वेगळ्या जातीचा असतो, त्याच्यावर आणि खालच्या खडकावर समांतर ओरखडे असतात, आणि दरी रुंद, तळाला गोलाकार असते. इथली दरी पाण्याने कापलेली आहे. महाराष्ट्रात हिमनदीची खूण बघायचीच असेल तर चंद्रपूरकडे जावं लागतं. इरई नदीजवळ चुनखडकावर बर्फाने घासलेले ओरखडे आणि त्यावर धोंड्यांचा थर आहे. पण तो काळ २९-३० कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्या लाव्ह्याच्या कितीतरी आधीचा.

सव्वादहाला उतरायला लागा. घसरून पडणं चढताना नाही, उतरताना होतं, आणि तेही भुसभुशीत मुरमावर. पाऊल आडवं टाकायला सांगा. दुपारी बारापर्यंत खाली, साडेबाराला त्र्यंबक रस्त्यावर जेवण.

दुपारी पांडवलेणी, मुद्दाम

लेण्यांचं तोंड उत्तरेकडे आहे, म्हणून हिवाळ्याच्या दुपारी तिथे सावली मिळते. सकाळचा गारवा चढावर वापरायचा आणि दुपार इथे काढायची, असा हिशोब. शहरापासून आठेक किलोमीटर, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून. अडीचला पोचा, तिकीट काढा, पायऱ्या चढायला वीस मिनिटं धरा.

चोवीस लेणी आहेत, सगळी करू नका. तीन, दहा आणि अठरा क्रमांकाची पुरे. इतिहास सांगणारे भरपूर भेटतात, तुम्ही खडकाकडे वळवा. छत, खांब आणि बाहेरची भिंत यांवर बॅटरी तिरकी धरा. सरळ प्रकाशात छिन्नीचे घाव दिसत नाहीत, तिरक्यात एकेक रेघ उठते. घाव कुठे तीक्ष्ण राहिले आणि कुठे झिजून गेले ते बघा. तीक्ष्ण राहिले तिथे घट्ट खडक, विरघळल्यासारखे दिसतात तिथे सच्छिद्र. मग बाहेरची पाण्याची टाकी दाखवा. दहाव्या लेण्यात उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा, लेख आहे, हे लेणं आणि या पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, आपण करवली असं त्यात नोंदलं आहे. कोरणाऱ्यांना पाणी कुठून झिरपतं याचा अंदाज घ्यावाच लागत असणार.

याच डोंगराच्या परिसरातल्या खाणींमधून निघालेले पॉवेलाइट या दुर्मीळ खनिजाचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. खाणीत मात्र नेऊ नका. सुरुंग लावतात, आणि सुटलेल्या कड्याला कुणाची परवानगी लागत नाही.

खाली उतरल्यावर वाहनतळाजवळच्या खडीतला पांढरा तुकडा घ्या. खिळ्याने घासा. ओरखडा उठला नाही आणि उलट खिळ्याचीच करडी रेघ पडली तर ती गारगोटी. ओरखडा उठला तर तिथली पूड जरा जास्त करा आणि तिच्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट. काहीच झालं नाही तर बहुधा झिओलाइट किंवा अपोफिलाइट, हीसुद्धा बुडबुड्यांत भरणारी खनिजंच. पूड न करता थेंब टाकला की कॅल्साइटही गप्प राहतं आणि लोक "हे नाही" म्हणून मोकळे होतात, सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

शेवट सोमेश्वरला

साडेचारला निघा, पाच-सव्वापाचला गंगापूर रोडवरून सोमेश्वर. गोदावरी बेसॉल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाच्या, पायरीवरून उडी घेते ती जागा. पायरी का टिकली ते आता गटाने स्वतः सांगायला हवं: वरचा थर घट्ट, खालचा मऊ, मऊ भाग आधी खरवडला जातो आणि वरचा अधांतरी राहून तुटतो. असं होत होत धबधबा उगमाकडे मागे सरकतो. पायथ्याशी पडलेले कोनदार ठोकळे हाच पुरावा.

पावसाळ्यात किंवा धरणातून विसर्ग चालू असताना पात्रात उतरू नका. वर ऊन असलं तरी गंगापूरहून सोडलेलं पाणी इथे थोड्या वेळात वाढतं. बाकीच्या महिन्यांतही ओल्या काळ्या खडकावर पाय टिकत नाही. काठावरून सगळं दिसतं, सेल्फीसाठी कडेला जाणाऱ्याला मागच्या माणसाने आवरायचं.

ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुलं जास्त असतील तर अंजनेरीऐवजी सकाळी सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतलं गारगोटी संग्रहालय ठेवा. अपोफिलाइट, स्टिलबाइट, स्कोलेसाइट ही खनिजं तिथे हातभर आकारात दिसतात. मग दुपारी पांडवलेणीच्या भिंतीवरच्या ठिपक्यांत नेमकं काय असतं ते वेगळं समजावावं लागत नाही. फक्त रस्त्यावरचा चित्र काढायचा थांबा सोडू नका. पांडवलेणीचा डोंगर त्यासाठी चालतो, महामार्गाच्या सेवारस्त्यावर गाडी लावून.