हापूस टोरोंटोला विमानाने आणायचाय? मग कॅनडाचा एअर कार्गो आधी समजून घ्या

एप्रिल आला की मेसेज सुरू होतात, "दादा, गावाकडून शंभर पेट्या मागवायच्यात, किलोमागे रेट काय?" मी टोरोंटोजवळ मिसिसागात फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये आहे, म्हणजे लोकांचा माल विमान-जहाजाने पोचवायची व्यवस्था करतो, रोजचं काम हेच, आणि मनापासून सांगतो, रेट सगळ्यात शेवटी विचारा. आंबा विमानात खराब होत नाही हो, तो जमिनीवर थांबतो तिथे खराब होतो.

पहिलं काम, माल कुठल्या विमानात चढणार ते विचारा. मुंबईहून येणारा बराचसा माल पॅसेंजर विमानाच्या पोटात, म्हणजे बेलीत येतो, आखातातून नाहीतर युरोपातून विमान बदलून. बेलीत आधी प्रवाशांच्या बॅगा, मग उरलेल्या जागेत आपला माल. सुट्ट्यांमध्ये बॅगा वाढल्या की पेट्या ऑफलोड होतात, म्हणजे विमानातून काढल्या जातात, आणि पुढच्या फ्लाइटची वाट बघत बसतात. म्हणून बुकिंग करताना दोन प्रश्न विचाराच: मधल्या एअरपोर्टवर माल किती तास थांबणार, आणि तेवढा वेळ तो कोल्ड रूममध्ये असणार की बाहेर रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या उघड्या जागेवर? मे महिन्यात आखातातल्या रॅम्पवरचे तीन तास म्हणजे पेटी भट्टीत ठेवल्यासारखंच. थर्मल ब्लँकेटचे पैसे वाचवू नका.

मग वजन. विमानात वजन आणि आकारमान यातलं जे जास्त भरेल त्याचे पैसे लागतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले 6000. दिवाळी फराळाचा 60 बाय 50 बाय 40 चा खोका काट्यावर 11 किलो भरला तरी हिशोब 20 किलोचा होतो. कुरिअरवाले बहुतेक 5000 ने भागतात, म्हणजे तोच खोका 24 किलो. चिवड्यासाठी मोठा खोका घेऊन वर कागद कोंबणं म्हणजे हवेचं भाडं भरणं.

आता कागद, आणि इथे खरंच जीव लावा. खाण्याची वस्तू विक्रीसाठी आणायची तर सेफ फूड फॉर कॅनेडियन्स लायसन्स आधीच हातात हवं, माल उतरल्यावर एअरपोर्टवर ते मिळत नाही. ताज्या फळांच्या धंद्यात असाल तर डीआरसीची, म्हणजे फळं-भाज्यांच्या व्यवहारातले वाद सोडवणाऱ्या संस्थेची, मेंबरशिपही लागते. कुठल्या फळाला अजून काय लागतं ते सीएफआयएच्या, म्हणजे कॅनडाच्या अन्न तपासणी खात्याच्या, एअर्स नावाच्या ऑनलाइन टूलवर तपासा. शिवाय 21 ऑक्टोबर 2024 पासून कस्टम्सची कार्म सिस्टीम चालू झालीय, इम्पोर्टचा हिशोब आणि ड्युटी-टॅक्स ऑनलाइन भरायची. त्यात इम्पोर्टरचं स्वतःचं खातं हवं, ब्रोकरला, म्हणजे आपल्या वतीने कस्टम्सचं काम करणाऱ्याला, त्यात परवानगी द्यायला हवी, आणि ड्युटी-टॅक्स भरायच्या आधी माल सोडवायचा असेल तर सिक्युरिटी, म्हणजे पैशांची हमी, तीही स्वतःच्या नावाने हवी. गेल्या सीझनला एका गिऱ्हाईकाच्या 40 पेट्या शुक्रवारी संध्याकाळी पिअर्सनला, म्हणजे टोरोंटोच्या एअरपोर्टवर, उतरल्या, कार्मचं खातं अर्धवट, ब्रोकरला परवानगी दिलेलीच नाही. माल सफरन्स वेअरहाऊसमध्ये अडकला, म्हणजे कस्टम्सने सोडेपर्यंत माल ठेवतात ते गोडाऊन. मंगळवारी स्किड, म्हणजे पेट्या रचलेला लाकडी पाट, बाहेर आला तेव्हा वास दारापासूनच येत होता आणि खालच्या थराचा पुठ्ठा रसाने काळपट झालेला. वर तीन दिवसांचं स्टोरेज भाडं. तेव्हापासून मी सांगतो, आठवड्याच्या मधल्या दिवशी उतरणारी फ्लाइट घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि एअरवे बिलावरचं, म्हणजे विमानाने जाणाऱ्या मालाच्या पावतीवरचं, मालाचं वर्णन नीट लिहा, कारण कस्टम्सला ही माहिती साधारणपणे विमान उतरायच्या 4 तास आधी पोचावी लागते, नुसतं "फूड आयटम" लिहून भागत नाही.

टोरोंटोच्या पुढे, समजा कॅलगरीला न्यायचं तर? रस्त्याने साधारण 3400 किलोमीटर, पिकायला आलेल्या आंब्याला ते परवडत नाही. देशांतर्गत रातोरात माल नेण्यात सगळ्यात मोठं नाव कार्गोजेटचं, अजय विरमानी या भारतीय वंशाच्या माणसाने उभी केलेली कंपनी, मुख्य हब हॅमिल्टनला. तिथे दिवसा शांत असतं, रात्री एकामागून एक बोइंगची 767 मालवाहू विमानं उतरतात, माल इकडचा तिकडे होतो आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरात. या जाळ्याचा मुख्य आधार ऑनलाइन शॉपिंगची पार्सलं, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जागा मागायला जाल तर महागात पडेल. फराळ ऑक्टोबरातच हलवा.

उत्तरेकडचं गणित पूर्ण वेगळं. नुनावुत या कॅनडाच्या उत्तरेकडच्या प्रदेशातल्या 25 वस्त्यांपैकी एकीलाही बाहेरून रस्ता नाही. उन्हाळ्यात जहाज, बाकी वर्षभर विमान. तिकडे कॉम्बी विमानं चालतात, पुढे माल, मागे माणसं. काही धावपट्ट्या खडीच्या, आणि खडीवर उतरायची सोय असलेलं बोइंगचं शेवटचं जेट म्हणजे जुनं 737-200. ती विमानं म्हातारी होत चालली आहेत आणि त्यांची जागा घेईल असं जेट बोइंगकडे नाही, तिथल्या माणसांच्या दुधा-भाजीची मला खरंच काळजी वाटते. ओळखीचं कोणी नुनावुतची राजधानी इकालुइतला नोकरीला असेल तर डाळ-तांदूळ-पीठ उन्हाळ्यातल्या जहाजाने पाठवा, विमानाने फक्त नाशवंत.

पुढची काही वर्षं धंदा लावायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा. कोविडनंतरच्या तेजीत सगळ्यांनी मोठी स्वप्नं बघितली. एअर कॅनडाने 2021 च्या शेवटी स्वतःचं पहिलं 767 मालवाहू विमान आणलं, कार्गोजेटने मोठ्या 777 ची तयारी केली आणि 2024 च्या सुरुवातीपर्यंत ती सोडूनही दिली. नवीन मालवाहू 767 बनवणं बोइंग 2027 मध्ये थांबवणार आहे, म्हणजे पुढे जुनी पॅसेंजर विमानं बदलून वापरायची. त्यात 2025 मध्ये चीनने कॅनडाच्या सीफूडवर 25 टक्के टॅरिफ लावला, आणि हॅलिफॅक्सहून जिवंत लॉबस्टर विमानाने आशियात जातात, म्हणजे फटका थेट कार्गोलाच. असं झालं की विमानं आणि जागा इकडून तिकडे सरकतात, रेटही. म्हणून वर्षभराचा एकच रेट बांधून घेऊ नका, सीझनपुरता घ्या आणि दोन फॉरवर्डरकडून घ्या.

या वर्षी आणायचाच असेल तर कार्मचं खातं आणि लायसन्स फेब्रुवारीत लावा, बुकिंग मार्चमध्ये. पहिल्या खेपेला शंभर नको, वीस पेट्या आणा. त्या सोडवायला स्वतः वेअरहाऊसला जा, स्किड बाहेर आला की तिथेच खालच्या थरातली एक पेटी उघडा आणि फोटो काढून ठेवा, कारण एकदा माल ताब्यात घेतल्याची सही केली की नुकसानीचा क्लेम करणं फार जड जातं.