एन्झाइमचा प्रयोग दुसऱ्यांदा जुळत नसेल, तर या चुका टाळा

अल्कलाइन फॉस्फटेज या एन्झाइमचा प्रयोग जीवरसायनशास्त्राच्या अनेक अभ्यासक्रमांत असतो, कारण तो समजायला सोपा आहे. पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट या रंगहीन सब्स्ट्रेटमधून (एन्झाइम ज्यावर काम करते त्या पदार्थातून) एन्झाइम फॉस्फेट वेगळे करते, पिवळे पॅरा-नायट्रोफेनॉल तयार होते आणि ४०५ नॅनोमीटरवर त्याची शोषकता मोजली की अभिक्रियेचा वेग काढता येतो. तरीही एका आठवड्यात सुरेख आलेला आलेख पुढच्या आठवड्यात जुळत नाही, केएम (ज्या सब्स्ट्रेट सांद्रतेला वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो ती सांद्रता) दीडपट-दुप्पट होतो आणि विद्यार्थी घाबरून बफर, सब्स्ट्रेट, पिपेट, वेळ असे सगळे एकाच दिवशी बदलून टाकतात. ही घाई मूळ चुकीपेक्षा अधिक नुकसान करते. प्रयोग पुन्हा जुळलाच, तरी तो कशामुळे जुळला हे कधीच कळत नाही.

आधी प्रयोग कोणत्या प्रकारे जुळत नाही, हे ठरवावे. एकाच दिवशी, त्याच द्रावणांतून केलेल्या तीन नळ्यांची रीडिंग एकमेकांपासून दूर असतील, तर दोष हाताळणीत असतो: पिपेट, ढवळणे, वेळ, क्युवेट (शोषकता मोजताना द्रावण ठेवायची पारदर्शक कुपी). तिन्ही नळ्या एकमेकींशी छान जुळतात, पण सगळ्याच मागच्या आठवड्यापेक्षा सरकलेल्या आहेत, अशी स्थिती असेल तर दोष द्रावणांत, तापमानात किंवा एन्झाइमच्या क्रियाशीलतेत शोधावा. येथे एक गैरसमज फार आढळतो. एकाच विरल केलेल्या एन्झाइममधून भरलेल्या तीन नळ्या जुळल्या म्हणजे प्रयोग तीनदा जुळला असे नव्हे. ते विरलनच चुकले असेल, तर तिन्ही नळ्या सारख्याच चुकतील. निदान एकदा तरी मूळ स्टॉकपासून स्वतंत्र विरलन करून पाहावे.

दुसरी खूण केएम आणि व्हीमॅक्स (अभिक्रियेचा कमाल वेग) यांच्या बदलण्यात दडलेली असते, आणि माझ्या मते तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. व्हीमॅक्स खाली आला पण केएम जागेवर राहिला, तर नळीत क्रियाशील एन्झाइम कमी पडले आहे. ते विरल अवस्थेत बराच वेळ उभे राहिले असेल, काचेला किंवा प्लास्टिकला चिकटले असेल, किंवा ग्लिसरॉलमधला दाट स्टॉक पिपेटच्या टोकाबाहेर लागून जास्त-कमी गेला असेल. असा दाट स्टॉक सावकाश ओढावा, टोकाची बाहेरची बाजू पुसावी आणि अगदी लहान आकारमान मोजण्याऐवजी दोन टप्प्यांत विरलन करावे. विरलनाच्या बफरमध्ये थोडे बोव्हाइन सिरम अल्ब्युमिन घातल्यास चिकटण्याने होणारी घट बरीच कमी होते. मात्र तो बफर फॉस्फेटचा नसावा आणि त्यात ईडीटीए नसावे, कारण या एन्झाइमला जस्त आणि मॅग्नेशियमची गरज असते आणि ईडीटीए हे धातूच पकडून ठेवते.

केएम वाढला असेल, तर सब्स्ट्रेटची बाटली उजेडात धरून पाहावी. ताजे द्रावण जवळजवळ रंगहीन असते. त्यावर पिवळसर झाक दिसली, तर सब्स्ट्रेट आपोआप तुटू लागला आहे. ब्लँक, म्हणजे एन्झाइम न घातलेल्या नळीचे रीडिंग, वजा केला की तो पिवळेपणा हिशेबातून जातो, म्हणून पुष्कळ जण निर्धास्त राहतात. पण प्रत्येक पिवळ्या रेणूबरोबर एक फॉस्फेटचा आयनही मोकळा झालेला असतो, आणि फॉस्फेट हा या एन्झाइमचा स्पर्धात्मक अवरोधक आहे, म्हणजे तो एन्झाइमवरच्या त्याच जागेसाठी सब्स्ट्रेटशी स्पर्धा करतो. तो ब्लँकमधून वजा होत नाही. तो नळीत राहून केएम वाढवतो आणि व्हीमॅक्सला फारसा हात लावत नाही. त्यामुळे ब्लँकचे रीडिंग दर वेळी वहीत लिहावे आणि ते मागच्या वेळेपेक्षा चढलेले दिसले, तर सब्स्ट्रेट नव्याने करावा. वजन करताना बाटलीवरचा रेणुभारही वाचावा. एकाच क्षाराची निर्जल आणि सजल रूपे वेगवेगळ्या वजनाची असतात: निर्जल मॅग्नेशियम क्लोराइडचा रेणुभार सुमारे ९५ आहे, सहा पाण्याच्या रेणूंसह तोच २०३ होतो.

केएम वाढवणारे याहून सामान्य कारण म्हणजे सर्व नळ्यांना सरसकट दिलेला एकच वेळ. सुरुवातीचा वेग मोजायचा, तर साधारण दहा टक्क्यांहून अधिक सब्स्ट्रेट संपता कामा नये. क्षारीय द्रावणात पॅरा-नायट्रोफेनॉलचा मोलर शोषकता गुणांक सुमारे १८,००० आहे. म्हणजे एक सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये ०.९ शोषकता ही सुमारे ५० मायक्रोमोलर उत्पादन दाखवते. ज्या नळीत ५०० मायक्रोमोलर सब्स्ट्रेट आहे, तिथे हे दहा टक्के झाले. पण ५० मायक्रोमोलरच्या नळीत दहा टक्क्यांची मर्यादा ०.०९ वरच संपते, आणि तिथे ०.३ रीडिंग आले तर एक तृतीयांश सब्स्ट्रेट संपून वेग कधीच मंदावलेला असतो. कमी सांद्रतेचे बिंदू असे खाली ओढले गेले की केएम प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसतो. एन्झाइम ज्या दिवशी जास्त पडेल, त्या दिवशी ही चूकही वाढते, आणि वास्तविक एन्झाइमच्या प्रमाणावर अवलंबून नसलेला केएम दर आठवड्याला बदलू लागतो. सर्वांत कमी सांद्रतेच्या नळीत दर अर्ध्या मिनिटाला रीडिंग घेऊन रेषा सरळ राहते का हे पाहावे. न राहिल्यास वेळेऐवजी एन्झाइम कमी करावे.

तापमान आणि पीएच यांचा विचार एकत्रच करावा. ट्रिस बफरचा पीएच दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०३ ने उतरतो. फ्रिजमधून नुकताच काढलेला बफर ५ अंशांवर ९.० ला जुळवला, तर २५ अंशांवर तो सुमारे ८.४ भरतो आणि ३७ अंशांवर आणखी खाली जातो. म्हणून पीएच प्रयोगाच्या तापमानालाच जुळवावा. वॉटर बाथच्या पडद्यावरचा आकडा हे नळीतल्या द्रावणाचे तापमान नसते. तितकेच पाणी भरलेली एक जादा नळी बाथमध्ये ठेवून तिच्यात तापमापी बुडवावा आणि तापमान स्थिरावल्यावरच एन्झाइम घालावे.

वेळेची चूक साधी आहे, पण महाग पडते. बारा नळ्यांत दहा-दहा सेकंदांनी एन्झाइम घालत गेलात आणि शेवटी सर्व नळ्यांत अभिक्रिया थांबवणारे सोडियम हायड्रॉक्साइड भराभर ओतलेत, तर पहिल्या नळीला शेवटच्या नळीपेक्षा जवळजवळ दोन मिनिटे अधिक मिळतात. ज्या अंतराने सुरुवात केली, त्याच अंतराने आणि त्याच क्रमाने अभिक्रिया थांबवावी. पिपेट तपासायला तराजू पुरेसा आहे: १०० मायक्रोलिटर पाण्याचे वजन ०.१ ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे आणि सलग दहा वेळा ते फारसे हलता कामा नये. शोषकता दोनच्या वर गेली, तर एक टक्क्याहूनही कमी प्रकाश पलीकडे पोहोचतो. अशा रीडिंगवर विसंबू नये.

आकडे खरोखरच वेगळे आहेत का, हेही पाहावे. लाइनवीव्हर आणि बर्क यांचा १९३४ सालचा व्यस्त आलेख (१/वेग विरुद्ध १/सांद्रता) सर्वांत कमी सांद्रतेच्या, म्हणजे सर्वांत अनिश्चित बिंदूंना सर्वाधिक वजन देतो. त्या एका बिंदूत शोषकतेचा ०.०१ फरक पडला, तरी रेषा झुकते आणि केएम भलताच येतो. दोन्ही दिवसांचे मूळ बिंदू एकाच कागदावर मांडून मायकेलिस-मेंटेनचा वक्र (वेग विरुद्ध सब्स्ट्रेटची सांद्रता) थेट बसवला, तर पुष्कळदा दोन दिवसांतला फरक निम्म्याहून कमी उरतो.

एवढे करूनही फरक राहिला, तर जुनी आणि नवी द्रावणे एकाच दिवशी शेजारी ठेवून पाहावीत. केएमच्या जवळपासची एकच सांद्रता निवडावी, जुन्या द्रावणांच्या संचात फक्त सब्स्ट्रेट नवा घालावा, मग फक्त बफर नवा, मग फक्त एन्झाइम नवे, आणि प्रत्येक बदलासाठी तीन नळ्या घ्याव्यात. ज्या बदलाने वेग सरकतो, त्याच बाटलीवरची तारीख, बॅच क्रमांक आणि वजनाची नोंद आधी तपासावी.