बिनवाटेच्या डोंगरावर नवख्याला पहिल्यांदा नेताना

राजस्थानात बाडमेरकडचे उघडेबोडके डोंगर मित्रांबरोबर चढायचा बेत आहे आणि ग्रुपमध्ये एकजण अगदी नवखा आहे? मग त्याची पहिली चढाई तिकडे नको, इथेच करा. आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याला पाऊस कोसळतो, पण पूर्वेला हातकणंगल्याकडचे डोंगर कोरडे आहेत. मुरूम, सुटे दगड आणि हिवाळा सरला की करपलेलं गवत. सरावाला एवढं पुरे.

डिसेंबर ते फेब्रुवारीतला रविवार धरा. पायथ्याच्या गावात आधी विचारा, कारण कुरण कुणाच्या तरी मालकीचं असतं आणि वनखात्याची हद्द असेल तर परवानगी लागते. किती वाजेपर्यंत उतरणार, ते घरी सांगून ठेवा. पाणी माणशी 3 लिटर. निम्मं संपलं की माथा कितीही जवळ दिसो, मागे फिरायचं. भडंग, गूळ-शेंगदाणे आणि मीठ-साखरेची पुडी सोबत हवीच.

वेळेचा अंदाज बांधायला स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा 1892 सालचा नियम अजून उपयोगी पडतो: दर 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे 4 किलोमीटर चाल आणि 300 मीटर चढ असेल तर साधारण 80 मिनिटं. वाट नसेल आणि सोबत नवखा असेल तर मी हा आकडा सरळ दुप्पट करतो.

नवख्याला म्होरक्याच्या लगेच मागे ठेवा, शेवटी कधीच नको. मागे राहणारा धापा टाकत पोचतो तोवर पुढच्यांची विश्रांती झालेली असते, ते लगेच निघतात आणि त्याला दम खायला मिळतच नाही. माझ्याबरोबर पहिल्यांदा आलेला एक मित्र असाच गप्प होत गेला. बाटली काढायलाही तो थांबला नव्हता. शेवटी म्हणाला, "भावा, जरा बसूया की." तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. बडबड्या माणूस गप्प झाला की थांबा, विचारत बसू नका.

घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगड-मातीच्या उतारावर, एकामागोमाग एका रेषेत चढू नका, वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यात बसतो. तिरके, थोडे पसरून चढा. दगड सुटला की "दगड!" म्हणून ओरडायचं, हे खालीच शिकवा. तळवा पूर्ण टेकवून आधी थोडा भार द्यायचा, दगड हलला नाही तरच पुढचं पाऊल. कपारीत न बघता हात घालू नये, तिथं फुरसं, म्हणजे विषारी साप, असू शकतं.

पण खरी फसगत उतरताना होते. चढताना कुठलीही सोंड (माथ्यावरून खाली उतरत गेलेली डोंगराची धार) धरा, सगळ्या वर जाऊन माथ्याला मिळतात. उतरताना त्याच सोंडा फुटत जातात; वर दोन पावलं चुकली की खाली भलत्याच कड्यावर येऊन उभे राहता. म्हणून चढतानाच दर दहा मिनिटांनी नवख्याला मागे वळून बघायला लावा: ते एकटं झाड, तो काळा कातळ, खालचं देवळाचं शिखर. परतीला डोंगर असाच दिसणार आहे. सोंड फुटते तिथं तीन दगडांची रास रचा, उतरताना मोडून टाका. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा, पण सवय डोळ्यांनाच लावा.

पुढच्या रविवारी पुन्हा तोच डोंगर घ्या. या वेळी उतरायची सोंड त्याला ओळखू द्या आणि तुम्ही त्याच्या मागे चाला.