विदर्भाच्या उन्हात स्पोर्ट्‌स कार चालवताना कोणते हातमोजे घ्यावेत?

स्पोर्ट्‌स कार चालवताना घालायच्या हातमोज्यांविषयी जे काही वाचायला मिळते, त्यातले बरेचसे थंड मुलखातील माणसांनी लिहिलेले असते आणि त्यात ऊब हा मोज्याचा गुण मानलेला असतो. वाशीम, यवतमाळ किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यात राहणाऱ्याला ऊब नकोच आहे; मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा तळहाताला सुटणारा घाम आणि उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या स्टिअरिंगचा चटका, या दोहोंचा बंदोबस्त करणारा मोजा त्याला हवा असतो. म्हणून रंगरूप सर्वांत शेवटी पाहावे. आधी माप, मग तळव्याचे चामडे आणि त्यानंतर हवा खेळण्याची सोय पाहावी.

मापाच्या बाबतीत आळस करू नये, कारण असे मोजे तालुक्याच्या बाजारात सहसा मिळत नाहीत, ते ऑनलाइन मागवावे लागतात आणि खेड्यातून पार्सल परत पाठवणे म्हणजे डोक्याला ताप असतो. ज्या हाताने आपण लिहितो, त्या हाताच्या तळव्याभोवती शिंप्याची टेप बोटांच्या मुळांशी असलेल्या उंचवट्यांवरून, अंगठा वगळून फिरवावी आणि घेर इंचांत लिहून ठेवावा. घेर साडेआठ इंच भरला, तर इंचांच्या रूढ पद्धतीनुसार नंबरही साडेआठच येतो. एस, एम, एल ही मापे मात्र प्रत्येक कंपनीची निराळी असल्यामुळे तिथे त्या कंपनीचा तक्ता पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. हात दोन नंबरांच्या मध्ये येत असेल आणि मोजा बिनअस्तराच्या चामड्याचा असेल, तर लहान नंबर घ्यावा, कारण असे चामडे वापरात थोडे सैलावते.

पार्सल आल्यावर लेबल काढण्याआधी मोजा चढवून कुऱ्हाडीचा दांडा घट्ट धरून पाहावा. तळव्यात चामड्याची घडी गोळा होत असेल किंवा बोटांच्या टोकाशी रिकामी जागा उरत असेल, तर मोजा सैल आहे. बोटांच्या बेचक्यांत ताण पडून मूठ पुरती वळत नसेल, तर तो आखूड आहे. नंतर त्याच हाताने फरशीवरचे रुपयाचे नाणे उचलावे. नाणे उचलता येत नसेल, तर चाकांखालच्या रस्त्याची जी बारीक थरथर स्टिअरिंगमधून हाताला कळायला हवी, तीही त्या मोज्यातून कळणार नाही, आणि स्पोर्ट्‌स कार चालवण्याची निम्मी मजा तिथेच जाते.

तळव्यासाठी मेंढीचे चामडे मऊ असते आणि हातावर लगेच बसते, पण ते लवकर झिजते. शेळीचे चामडे पातळ असूनही चिवट असते, म्हणून आपल्याकडच्या वापरासाठी माझे मत शेळीच्या बाजूने आहे. परदेशी जाहिरातींत हरणाच्या कातड्याची फार स्तुती असते. पण चितळ-सांबराच्या कातड्याचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, हे ताडोबा आणि मेळघाटच्या शेजाऱ्यांना वेगळे सांगायला नको. ओल्या पांढऱ्या रुमालाने चामडे चोळून रंग उतरतो का, तेही पाहून घ्यावे, नाहीतर पहिल्याच घामात तळहात काळे होतात.

जुन्या स्पोर्ट्‌स कारना पातळ लाकडी कड्याचे स्टिअरिंग असे, पॉवर स्टिअरिंग नसे, आणि पकड सुटू नये म्हणून चामड्याचे मोजे घातले जात. बोटांच्या सांध्यांवरची भोके आणि पाठीवरचा उघडा भाग त्या काळापासून चालत आला आहे. मूठ वळताना चामडे ताणले जाऊ नये आणि हवा लागावी, हा त्यामागचा हेतू. आपल्या उन्हात मात्र त्या भोकांतून हाताच्या पाठीवर काळे ठिपके उमटतात. त्यापेक्षा तळवा चामड्याचा आणि पाठ सुती विणकामाची असलेला मोजा मला उत्तम वाटतो. घाम टिपण्यात सूत किती गुणी आहे, हे कापूस पिकवणाऱ्या मुलखाला ठाऊकच आहे. अर्ध्या बोटांचे मोजे टचस्क्रीनसाठी सोयीचे खरे, पण दुपारच्या तापल्या स्टिअरिंगचा चटका नेमका बोटांच्या टोकांना बसतो, तेव्हा उन्हाळ्यापुरती तरी पूर्ण बोटे झाकलेली बरी. शिलाई बाहेरच्या बाजूने असेल, तर आतले टाके बोटांना रुतत नाहीत.

मोटारसायकलचे मोजे जाड तळव्याचे आणि सांध्यांवर कडक कवच असलेले असतात, त्यामुळे ते कारमध्ये निरुपयोगी ठरतात. कृषी केंद्रात मिळणारे रबरी ठिपक्यांचे मोजे टायर बदलण्यासाठी डिकीत जरूर ठेवावेत, पण ते घालून गाडी चालवू नये. आगीपासून संरक्षण देणारे, एफआयएच्या (मोटार शर्यतींचे नियमन करणाऱ्या जागतिक संघटनेच्या) ८८५६-२०१८ या मानकाचे रेसिंग मोजे शर्यतीच्या ट्रॅकसाठी असतात. कारसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असलेल्या समृद्धी महामार्गावर कारंजाहून मेहकरला जाताना त्यांचा खर्चही नको आणि उकाडाही नको.

वापरून झालेले मोजे डॅशबोर्डवर टाकू नयेत, कारण काचेमागच्या उन्हाने चामडे कडक होऊन तडकते. घाम ओलसर फडक्याने पुसून ते सावलीत वाळवावेत आणि पावसाळ्यात प्लॅस्टिकऐवजी सुती पिशवीत ठेवून अधूनमधून हवा दाखवावी, म्हणजे बुरशी धरत नाही. तळवा चकचकीत आणि गुळगुळीत दिसू लागला, की त्याची पकड संपलेली असते. मग शिलाई शाबूत असली तरी नवा जोड मागवावा.