पिंजारलेल्या केसांसाठी उपचार निवडताना

पुण्यात पावसाळी दमट हवेने केस पिंजारू लागले की सलूनमध्ये केरॅटिन (केस गुळगुळीत करणारा लेप) किंवा रिबाँडिंग (रसायनाने केस सरळ करणे) सुचवले जाते. मात्र होकार देण्यापूर्वी, त्या प्रक्रियेने केसांचे नेमके काय होते, हे विचारून घ्यावे. रिबाँडिंगमध्ये केसांतील गंधकाचे बंध तोडून पुन्हा जोडले जात असल्याने तेवढे केस कायमचे सरळ होतात, पण मुळाशी नवे कुरळेच उगवतात. केरॅटिनचा लेप काही महिन्यांत उतरतो, म्हणून पहिल्या खेपेस तोच बरा. तरीही बाटलीवरील घटक स्वतः वाचावेत, कारण ‘फॉर्मॅल्डिहाइडविरहित’ म्हणवणाऱ्या काही उत्पादनांतील मिथिलीन ग्लायकॉल हे रसायन तापल्यावर फॉर्मॅल्डिहाइड हा घातक वायूच सोडते. गरोदरपणात हे उपचार टाळावेत. मेंदी लावलेल्या केसांची आधी एका बटेवर चाचणी घ्यावी.