हिवाळ्याआधी मोटरहोमचं पाणी काढताना

कॅनडात मोटरहोम (राहण्याची सोय असलेली गाडी) हिवाळाभर उभी ठेवायची, तर खरी भीती पाइपात उरलेल्या पाण्याची. गोठताना ते सुमारे 9 टक्के फुगतं, पंप आणि जोड फोडतं. गळती कळते थेट वसंतात.

गीझर पूर्ण थंड होऊ द्या, दाब सोडा, मगच ड्रेन प्लग काढा. सगळ्या टाक्या रिकाम्या करा. मग पाइपात अँटिफ्रीझ (सहज न गोठणारं द्रव) भरायचं. त्याआधी बायपास व्हॉल्व्ह (गीझर वगळून प्रवाह पुढे नेणारी झडप) फिरवायला विसरलात, तर 20-25 लिटर अँटिफ्रीझ नुसता गीझरच पितो. एरवी 8 ते 12 लिटर पुरतं. पंपाची सक्शन नळी गुलाबी, प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या अँटिफ्रीझच्या कॅनमध्ये सोडा (इंजिनाचं कूलंट इथे नकोच, ते विषारी). पंपाजवळच्या नळापासून सुरुवात करून गरम-थंड दोन्ही बाजू गुलाबी धार येईपर्यंत उघडा. बाहेरचा शॉवर हमखास राहून जातो. प्रत्येक सिंकच्या ट्रॅपमध्ये (खालच्या वाकड्या नळीत, जिथे पाणी साचून राहतं) कपभर अँटिफ्रीझ ओता.

बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह तार काढा. रिकामी बॅटरी गोठते.